एकाच पत्त्याची तीन नावं : पुण्याच्या नेहा नारखेडे यांच्या ‘काफ्का’मध्ये कमांडचा घोळ कसा झाला आणि कसा मिटला?

पुण्यातलं कुठलंही अमृततुल्य घ्या. सकाळची गर्दी. एक जण चहा संपवतो, क्यूआर कोड स्कॅन करतो आणि निघायला लागतो. पण काउंटरवरचा साउंडबॉक्स काही बोलत नाही. मालक हाक मारतात, “दादा, आलं नाही अजून.” समोरचा मोबाइल पुढे करतो, “काका, माझ्याकडून तर गेले.” मागे रांग वाढते. दोघंही खरं बोलत असतात.

पैसे गेलेले असतात. ‘पैसे आले’ हे सांगणारा मेसेज मात्र वाटेत कुठेतरी अडकलेला असतो.

हे मेसेज इकडून तिकडे पोहोचवणारी जी यंत्रणा असते, तिला म्हणतात मेसेज ब्रोकर. जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या अशा यंत्रणांपैकी एक म्हणजे ‘अपाची काफ्का’. ती बनवणाऱ्या तीन जणांपैकी एक पुण्याच्या आहेत, नेहा नारखेडे.

आता गंमत अशी की, रोज अब्जावधी मेसेज सांभाळणाऱ्या या काफ्काला नुसतं जोडून घ्यायचं म्हटलं, तर कित्येक वर्षं इंजिनिअर लोकांची फजिती व्हायची. कारण जोडणीसाठी जो पत्ता द्यायचा, त्याला एका कमांडमध्ये एक नाव होतं, दुसऱ्या कमांडमध्ये दुसरं आणि तिसऱ्या कमांडमध्ये तिसरंच.

हा घोळ नेमका काय होता, तो कसा मिटवला आणि त्याचा तुमच्याआमच्याशी काय संबंध, तेच समजून घेऊ.

आधी बेसिक : मेसेज ब्रोकर म्हणजे काय?

गुलटेकडीचं मार्केट यार्ड डोळ्यांसमोर आणा. शेतकरी पहाटे माल घेऊन येतो, अडत्याच्या गाळ्यावर उतरवतो. खरेदीदार त्याच्या वेळेला येतो, माल उचलतो. शेतकरी आणि खरेदीदार यांची भेट व्हायलाच हवी असं नाही. मधला अडत्या दोघांनाही ओळखतो, तेवढं पुरतं.

सॉफ्टवेअरमध्ये हेच काम मेसेज ब्रोकर करतो. एक प्रोग्रॅम मेसेज टाकतो, त्याला म्हणतात प्रोड्युसर. दुसरा प्रोग्रॅम मेसेज उचलतो, तो कन्झ्युमर. प्रोड्युसर चालू आहे आणि कन्झ्युमर दोन मिनिटं बंद पडलाय, तरी मेसेज हरवत नाही. तो ब्रोकरकडे थांबून राहतो.

ब्रोकरचेही प्रकार आहेत. सेन्सर आणि साउंडबॉक्ससारख्या छोट्या उपकरणांसाठी एमक्यूटीटी नावाची पद्धत बऱ्याचदा वापरतात. ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली होती. ‘रॅबिटएमक्यू’ हा आणखी एक लोकप्रिय ब्रोकर, तो २००७ मध्ये आला. आणि मोठ्या कंपन्यांच्या आत, जिथे मेसेजचा अक्षरशः पूर वाहतो, तिथे काफ्का.

काफ्काची पद्धत जरा वेगळी आहे. तो दुकानाच्या रोजकीर्दीसारखा चालतो. आलेला प्रत्येक मेसेज शेवटच्या ओळीखाली लिहायचा, मधे खाडाखोड करायची नाही. वाचणाऱ्याने वाचला म्हणून ओळ पुसायची नाही. प्रत्येक वाचणारा आपण कुठपर्यंत आलो याची खूण स्वतःपुरती ठेवतो. काही वेगळं सांगितलं नाही, तर या नोंदी सात दिवस ठेवल्या जातात.

त्यामुळे एकच नोंद हिशेबवाला वाचू शकतो, फसवणूक पकडणारा वाचू शकतो आणि साउंडबॉक्सला निरोप धाडणाराही वाचू शकतो. कुणी कुणाच्या आड येत नाही.

यात पुणे कुठून आलं?

नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या. इंजिनिअरिंग त्यांनी पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, म्हणजे पुणेकरांच्या भाषेत पीआयसीटीमधून केलं. मग मास्टर्ससाठी अमेरिकेत जॉर्जिया टेक, त्यानंतर ओरॅकल आणि तिथून लिंक्डइन.

लिंक्डइनमध्ये तेव्हा एक डोकेदुखी होती. कुणी कुणाचं प्रोफाइल बघितलं, कुणी काय शोधलं, कुणी कुठे क्लिक केलं, अशा नोंदींचा ढीग साचत होता आणि तो वेळेत सगळीकडे पोहोचवणारी यंत्रणा हाताशी नव्हती. जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे यांनी मिळून ती बनवली. २०११ मध्ये तिचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. लिंक्डइननेच २०१९ मध्ये सांगितलं होतं की, त्यांच्याकडे काफ्कातून दिवसाला ७ लाख कोटी मेसेज जातात.

२०१४ मध्ये या तिघांनी बाहेर पडून ‘कॉन्फ्लुएंट’ ही कंपनी काढली आणि जून २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात लिस्ट झाली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची गोष्ट मात्र काळ्या स्क्रीनवर घडली.

कमांड लाइन आणि तिचे ऑप्शन

मोबाइलवर आपण बटणं दाबतो. सर्व्हर चालवणारी मंडळी बऱ्याचदा काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करतात. ही झाली कमांड लाइन. प्रत्येक कमांडला ऑप्शन असतात. म्हणजे ‘चहा दे’ ही कमांड आणि ‘साखर कमी’, ‘कटिंग’ हे ऑप्शन.

हे ऑप्शन लिहिताना शब्दाआधी दोन आडव्या रेघा देतात. उदाहरणार्थ ‘--होस्ट’ म्हणजे कुठल्या मशीनशी जोडायचं आणि ‘--पोर्ट’ म्हणजे त्या मशीनचा कुठला दरवाजा. प्रत्यक्षात हे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप होतं.

ब्रोकरला जोडून घ्यायचं तर साधारण पाच-सहा गोष्टी सांगाव्या लागतात. पत्ता, पोर्ट, युझरनेम, पासवर्ड, जोडणी एन्क्रिप्टेड असेल की साधी आणि काही ब्रोकरमध्ये त्याच्या आतला कुठला कप्पा वापरायचा ते. यातली एक गोष्ट चुकली की जोडणी होत नाही. त्याहून वाईट म्हणजे भलत्याच ठिकाणी होते.

तर घोळ काय होता?

२०१८ च्या शेवटी काफ्काची २.१ ही आवृत्ती आली. नवशिक्यांसाठी जी सुरुवातीची ओळख दिली होती, त्यात तीन कमांड एकामागोमाग होत्या.

पहिली, टॉपिक बनवायची. टॉपिक म्हणजे एका विषयाची एक वही. यात पत्ता द्यायचा ‘--झूकीपर’ या नावाने आणि पोर्ट २१८१.

दुसरी, मेसेज टाकायची. यात पत्ता द्यायचा ‘--ब्रोकर-लिस्ट’ या नावाने आणि पोर्ट ९०९२.

तिसरी, मेसेज वाचायची. यात पत्ता द्यायचा ‘--बूटस्ट्रॅप-सर्व्हर’ या नावाने आणि पोर्ट पुन्हा ९०९२.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कमांडमध्ये पत्ता अगदी तोच, नाव मात्र वेगळं. नवीन माणसाला साहजिकच वाटणार की ही दोन वेगळी ठिकाणं असावीत. मग तो दुसऱ्या कमांडचा ऑप्शन तिसऱ्या कमांडला लावणार, कमांड म्हणणार ‘असा ऑप्शनच नाही’ आणि तो इंटरनेटवर उत्तरं शोधत बसणार.

हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. काफ्का वाढत गेला, वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या वर्षी टूल लिहीत गेली आणि ज्याला त्या वेळी जे नाव योग्य वाटलं, ते राहिलं. पेठेतल्या वाड्याला दर पिढीत एक खोली वाढावी आणि शेवटी जिन्याचा पत्ता लागू नये, तसंच.

नुसतं नावच आहे ना, काय फरक पडतो?

फरक पडतो. तिन्ही नावं वेगवेगळी समजूत करून देतात.

‘ब्रोकर लिस्ट’ म्हटलं की वाटतं, सगळ्या ब्रोकरची यादी द्यायची आहे. तसं नसतं. काफ्का सहसा एकट्या मशीनवर चालत नाही, अनेक मशीन मिळून एक क्लस्टर असतो. त्यातल्या एकाचा पत्ता दिला तरी सुरुवात होते.

स्वारगेटला तुम्ही पहिल्यांदाच आलात असं समजा. महाबळेश्वरची गाडी कुठल्या फलाटावर, कोल्हापूरची कुठल्या, काही माहीत नाही. तुम्ही चौकशीच्या खिडकीशी जाता आणि तिथला माणूस सगळे फलाट सांगतो. काफ्कात या चौकशीच्या खिडकीला म्हणतात ‘बूटस्ट्रॅप सर्व्हर’. एकाला विचारायचं, तो बाकी सगळ्यांचे पत्ते देतो, मग ज्याच्याकडे काम आहे त्याच्याशी थेट बोलायचं. दोन-तीन पत्ते द्यायचे ते एवढ्यासाठी की, एक खिडकी बंद असली तर दुसरी मिळावी.

हे कळलं की काफ्काची एक जुनी, बदनाम चूकही कळते. पुष्कळदा पहिली जोडणी होते आणि लगेच पुढची फसते. कारण ब्रोकरच्या सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘इथेच, याच मशीनवर’, असा लिहिलेला राहतो. तुम्ही घरून फोन करून चौकशी केलीत आणि तिकडून उत्तर आलं, ‘शेजारच्या फलाटावर या’. तुमच्या शेजारी तर स्वयंपाकघर! मग तुमचा प्रोग्रॅम आपल्याच लॅपटॉपवर ब्रोकर शोधत बसतो.

अशा वेळी ‘ब्रोकर लिस्ट’ हे नाव मनात असेल, तर माणूस यादी पुन्हा पुन्हा तपासतो. ‘बूटस्ट्रॅप’ हे नाव असेल, तर निदान हा प्रश्न पडतो की खिडकीवरून पुढे कुठे पाठवलं?

‘झूकीपर’चा मामला तर आणखी गंभीर होता. झूकीपर ही काफ्काची वेगळी नोंदवही सांभाळणारी यंत्रणा. टॉपिक बनवायची कमांड ब्रोकरला न विचारता थेट झूकीपरमध्ये जाऊन नोंद करायची. म्हणजे काउंटरवरच्या माणसाला न विचारता मागच्या दाराने गोदामात शिरायचं. कुणाला काय करायची परवानगी आहे, याचे नियम काउंटरवर लावलेले, पण या वाटेवर काउंटरच लागत नव्हतं. पत्त्याचा ऑप्शन बदलणं हा इथे थेट सुरक्षेचा प्रश्न होता.

मग दुरुस्ती कशी झाली?

काफ्कात मोठा बदल करायचा तर आधी लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. त्याला ‘काफ्का इम्प्रूव्हमेंट प्रपोजल’ म्हणतात, थोडक्यात केआयपी. प्रस्तावावर खुली चर्चा होते, मग मतदान.

पहिलं पाऊल झूकीपरवाल्या कमांडचं. केआयपी-३७७ मुळे मार्च २०१९ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत टॉपिक बनवायच्या कमांडला ‘--बूटस्ट्रॅप-सर्व्हर’ हा ऑप्शन मिळाला. आता ती कमांड काउंटरवरूनच जाऊ लागली.

दुसरं पाऊल केआयपी-४९९. या प्रस्तावाचा विषयच होता, सगळ्या कमांडमध्ये जोडणीच्या ऑप्शनचं नाव एकच करा. मेसेज टाकायच्या कमांडसह ज्या टूलमध्ये ‘--ब्रोकर-लिस्ट’ होतं, त्यांतल्या बऱ्याच टूलना ‘--बूटस्ट्रॅप-सर्व्हर’ मिळालं. हा बदल एप्रिल २०२० च्या २.५ आवृत्तीत आला.

पण जुनं नाव त्यांनी एका झटक्यात काढून टाकलं नाही. का, ते पुणेकरांना लगेच कळेल. फर्ग्युसन रस्त्याचं अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. पाटी आहे. पण रिक्षावाल्याला कुणी ते नाव सांगतं का? जुनं नाव लोकांच्या तोंडात असतं. कमांडचं जुनं नाव स्क्रिप्टमध्ये असतं. रात्री दोन वाजता आपोआप चालणारी, तीन वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली आणि लिहिणारा आता दुसऱ्या कंपनीत गेलेला, अशी स्क्रिप्ट. तिला नवीन नाव कोण सांगणार?

म्हणून मधला रस्ता काढला. जुनं नाव चालू ठेवलं, पण मदतीच्या मजकुरात त्याच्यापुढे लिहिलं की हे आता वापरू नका, नवीन नाव वापरा. कुणी चुकून दोन्ही नावं दिली तर काय, हेही ठरवून टाकलं. नवीन नाव धरायचं, जुन्याकडे दुर्लक्ष करायचं.

त्यानंतर सप्टेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत टॉपिकच्या कमांडमधून ‘--झूकीपर’ हा ऑप्शन काढला आणि मार्च २०२५ च्या ४.० आवृत्तीत तर झूकीपर ही यंत्रणाच काफ्कातून गेली. एक दार बंद करायला सहा वर्षं लागली. उशीर वाटेल, पण त्या सहा वर्षांत जगभरातल्या स्क्रिप्टना बदलायला वेळ मिळाला.

पासवर्डचं काय?

पत्त्याचं नाव ठरलं. आता सगळ्यात नाजूक भाग. पासवर्ड कसा द्यायचा?

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे कमांडमध्येच ‘--पासवर्ड’ लिहून पुढे पासवर्ड टाकायचा. पण लिनक्सच्या मशीनवर सध्या कोणते प्रोग्रॅम चालू आहेत, हे बघायला ‘पीएस’ नावाची साधी कमांड असते. ती प्रत्येक प्रोग्रॅमची पूर्ण कमांड दाखवते, सगळ्या ऑप्शनसकट. सहसा त्या मशीनवर लॉगिन असलेला कुणीही ती बघू शकतो. शिवाय टाइप केलेल्या कमांड इतिहासाच्या फाइलमध्ये साठतात. कुणी मदत मागण्यासाठी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, तर पासवर्ड तिथेही पोहोचतो.

छोट्या अक्षरांचा घोळ आणखी वेगळा. एमक्यूटीटीसाठी ‘मॉस्किटो’ नावाचा ब्रोकर लोकप्रिय आहे. त्याच्या कमांडमध्ये स्मॉल ‘पी’ म्हणजे पोर्ट आणि कॅपिटल ‘पी’ म्हणजे पासवर्ड. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कमांडमध्ये नेमकं उलटं. तिथे स्मॉल ‘पी’ पासवर्ड आणि कॅपिटल ‘पी’ पोर्ट. दोन्ही रोज वापरणाऱ्या माणसाने कधीतरी पासवर्डच्या जागी पोर्ट टाकला, तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

काही ब्रोकरमध्ये सगळं एकाच लांबलचक पत्त्यात लिहायची सोय असते. युझरनेम, मग पासवर्ड, मग ‘@’ चिन्ह, मग मशीनचं नाव. दिसायला सुटसुटीत. पण पासवर्डमध्येच ‘@’ असेल तर? प्रोग्रॅमचा गोंधळ होऊ शकतो की पासवर्ड कुठे संपला. मग त्या चिन्हाऐवजी ‘%४०’ लिहावं लागतं, तेही इंग्रजी आकड्यांत. हे माहीत नसलेला माणूस पासवर्ड चुकला समजून तो तीनदा बदलतो.

काफ्काच्या कमांडमध्ये पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा आणि कमांडला फक्त त्या फाइलचं नाव सांगायचं, अशी सोय आहे. फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी कुलूपबंद करता येते. ‘पीएस’मध्ये मग फाइलचं नाव दिसतं, पासवर्ड दिसत नाही. पद्धत चांगली, पण पुन्हा तेच दुखणं! व्यवस्थापनाच्या कमांडमध्ये या फाइलच्या ऑप्शनचं नाव ‘--कमांड-कॉन्फिग’, मेसेज टाकायच्या कमांडमध्ये ‘--प्रोड्युसर.कॉन्फिग’ आणि वाचायच्या कमांडमध्ये ‘--कन्झ्युमर.कॉन्फिग’. हा घोळ निस्तरण्यासाठी नंतर केआयपी-११४७ हा वेगळा प्रस्ताव आणावा लागला.

ऑप्शन विसरला आणि मेमरी संपली!

नावं एकसारखी नसली की माणूस एखादा ऑप्शन द्यायचाच विसरतो. काफ्कात त्याचा परिणाम फार विचित्र दिसायचा.

समजा ब्रोकर एन्क्रिप्टेड जोडणी मागतोय आणि तुम्ही ती फाइल द्यायला विसरलात. म्हणजे तुमची कमांड साध्या भाषेत बोलतेय. ब्रोकर एन्क्रिप्शनच्या भाषेत ‘हे चालणार नाही’ असा इशारा पाठवतो. त्या इशाऱ्याचे पहिले चार बाइट साधारण असे असतात : २१, ३, ३, ०. पण साध्या भाषेत पहिल्या चार बाइटचा अर्थ असतो, पुढे येणारा मेसेज किती मोठा आहे. कमांड ते चार बाइट एक आकडा म्हणून वाचते आणि आकडा निघतो ३५ कोटी २५ लाख १८ हजार ९१२.

कमांडला वाटतं, बाप रे, एवढा मोठा मेसेज येतोय. ती तेवढी जागा करायला जाते आणि स्क्रीनवर एरर येतो, ‘मेमरी संपली’. इंजिनिअर मशीनची मेमरी वाढवायच्या मागे लागतो. खरी चूक असते एक विसरलेला ऑप्शन.

दुसरा नेहमीचा एरर असतो, ‘नोड -१ शी जोडणी होऊ शकली नाही’. आता उणे एक नंबरचा ब्रोकर कुणाकडेच नसतो. काफ्का चौकशीच्या खिडकीला तात्पुरता नंबर देतो, तोच हा. म्हणजे सांगायचं असतं, ‘तुम्ही दिलेल्या पहिल्याच पत्त्यावर कुणी भेटलं नाही’. एवढं सरळ सांगितलं असतं, तर किती तरी जणांची रात्रीची झोप वाचली असती.

पुणे महापालिका हद्दीतलं उदाहरण

हे सगळं फक्त हिंजवडीतल्या कंपन्यांपुरतं आहे, असं समजू नका.

स्मार्ट सिटी मिशनचे प्रकल्प पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २५ जून २०१६ रोजी पुण्यातूनच, बालेवाडीतून सुरू केले होते. पुढे शहरांचा डेटा एका ठिकाणी, परवानगीनुसार मिळावा म्हणून केंद्राच्या शहरी व्यवहार मंत्रालयाने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सबरोबर ‘इंडिया अर्बन डेटा एक्स्चेंज’, म्हणजेच आययूडीएक्स, उभं केलं. त्यात सुरुवातीला जोडल्या गेलेल्या शहरांमध्ये पुणे होतं. पुण्यातल्या हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या आणि पुराच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा डेटा तिथे जोडला गेला.

या एक्स्चेंजचा कोड खुला आहे आणि त्यातला मेसेज ब्रोकर आहे रॅबिटएमक्यू. एखाद्या शहराला डेटा पाठवायचा असेल तर आधी नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली की त्यांना परत काय मिळतं? ब्रोकरचा पत्ता, पोर्ट, युझरनेम, पासवर्डचं काम करणारी की, ब्रोकरमधल्या कप्प्याचं नाव आणि एक आयडी. म्हणजे वर सांगितलेल्याच पाच-सहा गोष्टी.

पुण्यात पाण्याची पातळी हा गप्पांचा विषय नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे इथे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा वेळेवर सूचना मिळाली का, हाच प्रश्न रहिवासी विचारत होते.

आता फक्त कल्पना करा. नदीकाठचा सेन्सर नीट चालू आहे, आकडे मोजतोय. पण त्याचे मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करताना कुणीतरी चाचणीच्या ब्रोकरचा पत्ता तसाच ठेवला. प्रोग्रॅम म्हणतो, ‘जोडणी झाली’. मेसेजही जातात. फक्त ज्याने बघायला हवेत, त्याच्याकडे जात नाहीत. कुठेही लाल दिवा लागत नाही. जोडणी न होण्यापेक्षा भलतीकडे होणं वाईट, ते यासाठी.

चांगले ऑप्शन कसे ओळखायचे?

काफ्का आणि इतर ब्रोकरच्या अनुभवातून काही गोष्टी आता बऱ्यापैकी पक्क्या झाल्या आहेत.

एक : एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव. होस्ट म्हटलं तर सगळीकडे होस्ट.

दोन : पासवर्ड कमांडमध्ये लिहायची वेळ येऊ नये. फाइलमधून घ्यावा किंवा टाइप करताना न दिसेल असा विचारावा. मायएसक्यूएल तर पासवर्ड कमांडमध्ये दिसला की स्वतःच इशारा देतं.

तीन : कुणाचं ऐकायचं ते ठरलेलं असावं. पत्ता कमांडमध्येही आहे, मशीनच्या सेटिंगमध्येही आहे आणि फाइलमध्येही आहे, मग खरा कुठला? रूढ क्रम असा : कमांडमध्ये लिहिलेलं सगळ्यात वर, मग मशीनवरचं सेटिंग, मग फाइल आणि शेवटी प्रोग्रॅमचं स्वतःचं गृहीतक. क्रम मदतीच्या मजकुरात लिहिलेला असावा.

चार : काहीच सांगितलं नाही तर सुरक्षित वागावं. रॅबिटएमक्यू बसवला की ‘गेस्ट’ हे युझरनेम आणि ‘गेस्ट’ हाच पासवर्ड तयार मिळतो. पूर्वी तो बाहेरूनही चालायचा. २०१४ मधल्या ३.३ आवृत्तीपासून तो फक्त त्याच मशीनवरून चालतो. मॉस्किटोनेही डिसेंबर २०२० च्या २.० आवृत्तीपासून असंच केलं. वेगळं सांगितल्याशिवाय बाहेरचं कुणी जोडूच शकत नाही.

पाच : जोडणी झाली की नेमकी कुठे झाली ते स्क्रीनवर सांगावं, पासवर्ड झाकून. आणि फसली तर कुठल्या पत्त्यावर, कुठल्या ऑप्शनमुळे, हे साध्या शब्दांत सांगावं.

सहा : नाव बदलायचं असेल तर जुनं काही काळ चालू ठेवावं आणि ते कधी बंद होणार ते आधी सांगावं.

या सहापैकी एकाही गोष्टीला फार मोठं गणित लागत नाही. म्हणूनच बहुतेक ठिकाणी ती मागे पडतात. ‘नंतर बघू’ म्हणतात आणि नंतर तीन नावं झालेली असतात.

शेवटी तुम्हाला काय?

तुम्ही इंजिनिअरिंगला असाल किंवा नुकतेच नोकरीला लागला असाल, तर ओपन सोर्समध्ये हातभार लावायची ही चांगली वाट आहे. काफ्काचे हे प्रस्ताव कुणालाही वाचता येतात, कुणालाही मांडता येतात. ऑप्शनचं नाव, मदतीचा मजकूर, न कळणारा एरर, असल्या दुरुस्त्यांमधून कोड समजत जातो. आणि पीआयसीटीतल्या मुलामुलींना तर हेही सांगता येईल की, आपल्याच कॉलेजच्या ताईंनी सुरू केलेल्या कामातली आपण एक ओळ सरळ केली.

आणि तुमचा या कोडशी काहीच संबंध नसेल, तर एवढंच लक्षात ठेवा. पुढच्या वेळी साउंडबॉक्स गप्प बसला आणि काउंटरवर ‘गेले-आले नाहीत’ सुरू झालं, तर समोरचा खोटं बोलतोय असं लगेच धरून चालू नका. नोंद दोन्हीकडे तपासा. मधल्या वाटेवर कुठेतरी एखादा मेसेज अजूनही आपला फलाट शोधत असेल.